शेवटच्या माणसाची सायकल

आमच्या सायकल मंडळात पुढे कोण राहणार यावर दर रविवारी वाद होतो. मागे कोण राहणार यावर कधी झाला नव्हता. मागे मालसुनताई, हे कोरियातल्या आमच्या चुनछॉन गावात डोंगरावर सायकल नेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

शेवटी राहणं म्हणजे मागे पडणं नव्हे. आमच्याकडे शेवटच्या माणसाने कुणालाही ओलांडून जायचं नसतं. कुणाची साखळी तुटली, कुणाला ओकारी झाली, कुणी चढावर हात टेकून सायकल ढकलत निघाला, की शेवटचा माणूस त्याच्यासाठी थांबतो. आणखी एक नियम आहे, तो कुणी कुणाला सांगत नाही. मागे जे दिसलं ते खाली जेवताना बोलायचं नाही. कोण उतरला, कोण रडकुंडीला आला, कोण झाडाखाली बसून बायकोला फोन करत होता, ते सगळं ताईंच्या पोटात. त्यात बराचसा भाग माझाच आहे, कारण त्यांच्या लगेच पुढे असतो तो मी. माझं चष्म्याचं दुकान आहे, दिवसभर बसून काम, आणि पोट माझ्याआधी वळणावर पोचतं.

मालसुनताईंचं आडनाव प्यॉन. त्या मोटार शिकवतात. गावातल्या निम्म्या बायकांना स्टिअरिंग त्यांनीच हातात दिलंय. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपाशीही एक ब्रेक असतो, त्यावर पाय ठेवून उभा जन्म गेल्यामुळे असेल, पण ताईंना कुणाच्याही वेगाची भीती वाटत नाही आणि कुणाच्याही बढाईचं कौतुक वाटत नाही. उंची बेताची, आवाज खणखणीत. त्यांचे यजमान फार कमी बोलतात. लग्नानंतर त्यांना संधीच मिळाली नसावी, असं आम्ही त्यांच्यासमोरच म्हणतो आणि ते मान हलवतात.

त्यांची जुनी सायकल पुढे सस्पेन्शन असलेली, मागे काही नाही. दगडावर मागचं चाक आपटलं की धक्का थेट कमरेत. वर्षानुवर्षं ते धक्के खाऊन शेवटी मणक्यांतली चकती सरकली. डॉक्टरांनी सांगितलं, एक तर डोंगर सोडा, नाही तर सायकल बदला. ताईंनी यातलं दुसरंच ऐकलं.

पण वर्षअखेरच्या जेवणात आमचे अध्यक्ष जेगाल पेला घेऊन उभे राहिले. जेगालांचं फरशांचं मोठं दुकान होतं, आता मुलगा बघतो. पासष्टी उलटली तरी ताठ चालतात आणि दर रविवारी सगळ्यात पुढे असतात. ते म्हणाले की ताईंनी मंडळासाठी फार केलं, आता पाठ सांभाळावी. मार्चमधल्या डोंगराच्या पूजेनंतर आपण त्यांना सल्लागार करू, मागची जबाबदारी मी स्वतः घेतो.

आमच्याकडे सल्लागार करणं म्हणजे काय, ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. माणसाला चांगली खुर्ची द्यायची आणि रस्त्यावरून उचलायचं. दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या, बाकीचे तव्यावरच्या कोंबडीत फार गुंतल्यासारखे झाले. ताई नसतील तर माझ्यासाठी कोण थांबणार, हा पहिला विचार माझ्या मनात आला, आणि तो स्वार्थी होता हे मी कबूल करतो.

ताईंनी जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या.

"सल्ला तर मी रोजच देते, अध्यक्ष. त्याला पद कशाला?"

"ताई, पाठीचा प्रश्न आहे."

"पाठ माझी आहे ना? मग तिचं मी बघते. पूजेच्या दिवशी मेबोंग डोंगराची पूर्ण फेरी नव्या सायकलवर करेन. चढ, वरची धार, उतार, सगळं. एकदाही उतरून ढकलली तर तुमची सल्लागार. नाही ढकलली तर मागची जागा माझी, आणि हा विषय पुन्हा टेबलावर आणायचा नाही."

जेगाल हो म्हणाले. सगळ्यांसमोर नाही म्हणायला त्यांना तोंड नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून ताईंवर सल्ल्यांचा पाऊस पडू लागला. मागे-पुढे दोन्हीकडे सस्पेन्शन हवं, इथपर्यंत एकमत. पुढे जो तो आपल्याकडे आहे तेच घ्या म्हणत होता. आमच्यात हा रोगच आहे. मेबोंगवर एक उतार आहे, नुसत्या दगडांचा, उभा. जेमतेम शंभर मीटरचा असेल. त्याचं नाव 'पायऱ्या'. बाकी सगळी फेरी म्हणजे जंगलखात्याच्या कच्च्या रस्त्याने दीडदोन तासांचा चढ आणि मग पाइनच्या मुळांनी भरलेली अरुंद धार. पण आम्ही सगळे सायकल घेताना त्या पायऱ्याच डोळ्यांपुढे ठेवतो. त्यामुळे मंडळात बहुतेकांकडे सोळा नाही तर सतरा सेंटिमीटर दबणारं सस्पेन्शन, रणगाड्यासारखे टायर, आणि चढावर सगळ्यांचे चेहरे वांग्यासारखे. जेगालांनी तर नुकतीच दुकानातली सगळ्यात दांडगी सायकल आणली होती. कार्बनची, काळी, सरकत्या जिन्यापेक्षा महाग.

ताईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मग प्रत्येकाला सांगितलं, इतकी चांगली आहे तर दे एक दिवस. नाही म्हणणार कोण? निम्म्यांच्या बायकांना त्यांनीच गाडी शिकवलेली. वर्ग संपले की त्या एकेकाची सायकल घेऊन मेबोंगवर जायच्या आणि मला दुकान बंद करून यायला लावायच्या. मी मागे पडणाऱ्या माणसाचं काम करायचं, म्हणजे दमायचं, थांबायचं, पडायचं. त्या कामाला माझ्याइतका लायक माणूस मंडळात नव्हता.

सायकल बघायची त्यांची रीत पाहून मी चक्रावलो. लोक उतारावर सोडतात आणि किती पळते ते बघतात. ताई ती चढावर नेऊन मधेच थांबायच्या, पाय टेकायच्या, आणि तिथूनच पुन्हा निघायच्या. खाली पडलेल्या झाडावरून उचलून पलीकडे न्यायच्या. मी ढकलत चाललो की माझ्यामागे, माझ्या पावलांच्या वेगाने, चाक न डगमगता सायकल चालवून बघायच्या. आणि एकदा तर माझ्या मेहुण्याची सायकल त्यांनी मुद्दाम दगडांवर आडवी टाकली. मेहुण्याला मी अजून सांगितलेलं नाही.

"ताई, हे काय चाललंय?"

"कुणी पडलं तर मी सायकल स्टँडला लावून जाऊ का? टाकून धावायचं असतं. टाकल्यावर तडा जाणार असेल तर ती सायकल माझ्या कामाची नाही."

तेव्हा मला कळलं की आम्ही सगळे पळणारी सायकल शोधतो, आणि या बाईला हळू चालणारी हवी आहे. हळू चालणं सोपं वाटतं. ज्या सायकलचा पुढचा दांडा फार कललेला असतो ती वेगात गंभीर आणि शांत, पण चढावर हळू नेली की पुढचं चाक दारू प्यायल्यासारखं डावीउजवीकडे जातं. मेहुण्याची तशीच होती. सोफ्यावर बसून डोंगर चढायला सांगितल्यासारखं वाटतं, असं ताई म्हणाल्या. मग एकाची शर्यतीची हलकी सायकल आणली, दहा सेंटिमीटर सस्पेन्शनची. ती चढावर शेळीसारखी चढली. ताई खुश झाल्या. पण धारेवरच्या मुळांवरून उतरताना त्यांनी कमरेवर हात ठेवला, त्यावरून मी काय ते समजलो.

शेवटी बांगच्या सायकलच्या दुकानात त्यांनी मधली निवडली. मागे तेरा सेंटिमीटर, पुढे चौदा. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, सगळ्यात लहान माप, बटण दाबलं की सीट खाली जाते आणि दोन्ही पाय जमिनीला लागतात. बांग हा दुकानदार असला तरी मनाने आमच्यातलाच, त्यालाही पायऱ्या दिसत होत्या. तो म्हणाला, ताई, आणखी चार सेंटिमीटर घ्या, पाठीला बरं. ताई म्हणाल्या की ते चार सेंटिमीटर दोन तास वर कोण ओढणार, तू? रंगाचं विचारलंच नाही. लहान मापात एकच होती, पिकलेल्या पर्सिमॉन फळाच्या केशरी रंगाची.

मग त्यांनी त्याला सस्पेन्शनमध्ये हवा भरायला लावली, आणि ती कारखान्याच्या आकड्याने नाही. पाठीवर हत्यारं, पाणी, औषधांचा डबा असलेली पिशवी चढवून त्या वजनकाट्यावर उभ्या राहिल्या. दुकानात चार पुरुष होते, सगळे एकदम टायर बघू लागले. सीटवर बसल्यावर मागचं सस्पेन्शन पाव हिश्शाइतकं दबलं पाहिजे, ना कमी ना जास्त, असं त्यांचं म्हणणं. कमी दबलं तर असून नसल्यासारखं, जास्त दबलं तर दगडावर तळाशी जाऊन आपटणार. बांगने हवा भरली, सोडली, पुन्हा भरली. त्याच्या नाकी नऊ आले तेव्हा कुठे ताई उतरल्या. आमच्यातल्या किती जणांनी सायकल घेतल्यापासून ती हवा एकदाही तपासली नव्हती, हे विचारू नका. मी त्यात होतो.

त्यानंतर पूजेपर्यंत ताई एकट्याच सराव करत राहिल्या. मंडळात कुजबुज होती की तेरा सेंटिमीटरवर पायऱ्या उतरणं म्हणजे कमरेचा चुरा. मी मात्र ताईंना एकदा नव्या सायकलवर धारेवरून येताना पाहिलं होतं. कमरेवर हात नव्हता. मला खात्री वाटत होती.

पूजेचा दिवस स्वच्छ उजाडला. डोंगराच्या पायथ्याशी चटई, त्यावर डुकराचं डोकं, फळं, माक्कॉली ही तांदळाची पांढरी दारू, आणि समोर ओळीने सगळ्यांच्या सायकली. वर्षभर कुणी पडू नये म्हणून आम्ही डोंगराला नमस्कार करतो. डुकराच्या तोंडात नोटा खोचल्या, गुडघे टेकून वाकलो. नव्या सायकलींच्या टायरवर माक्कॉली शिंपडली. ताईंच्या सायकलवर जेगालांनी स्वतःच्या हाताने शिंपडली आणि म्हणाले की आज मी पुढे नाही, मागे राहून बघेन. कुणालाही त्यात गैर वाटलं नाही. पैज लागली होती, कुणीतरी बघायलाच हवं होतं.

तर मागे आम्ही तिघे. मी, माझ्यामागे जेगाल, आणि शेवटी ताई.

पहिल्या वळणानंतर मी मागे वळून पाहिलं, तर जेगाल फोन घ्यायला उतरले होते. फोन वाजलेला मला ऐकू आला नव्हता. पुढे सीट नीट करायला उतरले. मग घाईघाईने आणखी एकदा, बुटाच्या नाडीसाठी. त्यांच्या बुटांना नाड्या नव्हत्या, फिरकीने आवळायचे बूट होते. प्रत्येक वेळी ताई चढावरच थांबल्या, एक पाय टेकवून उभ्या राहिल्या, आणि ते निघाले की तिथूनच, तेवढ्या उभ्या चढावर, मागचं चाक न घसरू देता निघाल्या. पर्सिमॉनच्या रंगाच्या त्या सायकलचं चाक एका रेषेत चालत होतं. जेगालांचं काळं चाक मात्र रस्ताभर भटकत होतं. मी इतकी वर्षं शेवटून दुसरा राहिलोय, दमलेला माणूस मला पाठीवरून ओळखता येतो. त्या दिवशी श्वासावरून ओळखला, आणि मला धक्का बसला.

धार सगळ्यांनी पार केली. ताई मुळांवरून इतक्या सहज आल्या की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण माझे दोन्ही हात हँडलला चिकटले होते. मग पायऱ्या आल्या. पुढचे सगळे केव्हाच उतरून हॉटेलकडे गेले होते. मी नेहमीप्रमाणे सायकल खांद्यावर घेऊन चालत उतरलो, मला त्यात लाज वाटत नाही, आणि खाली उभा राहून वर बघू लागलो. आता फक्त हा शंभर मीटरचा तुकडा. ताई उतरल्या की संपलं.

आधी जेगाल आले. दोन दगड उतरले, तिसऱ्यावर दोन्ही ब्रेक दाबले आणि तिथेच अडकले. एक पाय दगडावर, दुसरा हवेत, आणि ती दांडगी सायकल हळूहळू दरीच्या बाजूला कलत होती. ना पुढे, ना मागे.

ताई त्यांच्या वर होत्या. डाव्या बाजूने वाट होती, त्या सरळ खाली येऊ शकल्या असत्या. मी मनात म्हणत होतो, ताई, या, आधी खाली या, मग आपण दोघे वर जाऊन त्यांना घेऊ. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. सायकल दगडांवर आडवी टाकली, मोठा आवाज झाला, आणि त्या धावत जाऊन जेगालांच्या सायकलच्या वरच्या अंगाला उभ्या राहिल्या.

"ब्रेक सोडू नका. माझ्याकडे बघा, खाली नाही. आता डावा पाय. शाब्बास."

आवाज तोच होता, ज्याच्या भरवशावर गावातल्या निम्म्या बायका पहिल्यांदा चौकातून गाडी घेऊन गेल्या. एकेका दगडाने त्यांनी जेगालांना आणि त्या काळ्या सायकलला खाली आणलं. मग पुन्हा वर गेल्या. त्यांची स्वतःची सायकल अशा जागी पडली होती जिथून कुणालाही बसून निघता आलं नसतं. ती त्यांनी हाताने ढकलत खाली आणली. मी सगळं पाहत होतो आणि मला रडू येत होतं, रागाने की कशाने ते सांगता येत नाही.

जेगाल दगडावर बसले. बराच वेळ हातमोजे काढत राहिले. मग म्हणाले की गेल्या पावसाळ्यापासून पाय साथ देत नाहीत. पुढे राहिलं की सगळ्यांना दिसतं. मागे राहिलेला माणूस हळू आला तरी लोकांना वाटतं, काम करतोय. म्हणून मला तुमची जागा हवी होती. मोठी सायकल घेतली तर पाय सुधारतील असंही वाटलं होतं.

ताई त्यांना रागावल्या नाहीत. पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाल्या की आता सोपा उतार आहे, बसून जाता येईल, तुम्ही माझ्यापुढे चला.

हॉटेलात टोफू वाफाळत होता, किमचीची ताटं फिरत होती. आम्ही आत शिरताच सगळ्यांनी एकच प्रश्न केला. मी खोटं बोलायला तोंड उघडलं, अगदी ठरवून, आणि मला त्याचा अजून पश्चात्ताप नाही. पण ताईंनी मला बोलूच दिलं नाही.

"ढकलली," त्या म्हणाल्या. "पायऱ्यांवर. माझ्या हाताने."

का, ते सांगितलं नाही. मागे दिसलेलं खाली सांगायचं नसतं. त्यांनी पेला ओढला, स्वतःच भरला, आणि जेवायला बसल्या. ताठ, जशा शिकवायच्या गाडीत बसतात तशा. कुणीतरी हळूच म्हणालं की तेरा सेंटिमीटर कमीच पडले. बांगने मान खाली घातली. माझ्या जिभेच्या टोकावर सगळं आलं होतं, पण तो नियम माझ्यासाठीही होता. इतकी वर्षं त्याच नियमाने माझी अब्रू राखली होती.

सगळे जेगालांकडे बघू लागले. घोषणा त्यांनीच करायची होती. ते उभे राहिले. पेला उचलला नाही.

"त्या माझ्यासाठी उतरल्या," ते म्हणाले. "मी पायऱ्यांवर अडकलो होतो. आज तीन वेळा चढावरही उतरलो. फोन आला नव्हता." मग ते ताईंकडे वळले. "मागची जागा ताईंची आहे. पुढच्या रविवारपासून मी त्यांच्यापुढे राहीन. माझ्यासाठी थांबणारं कुणीतरी लागेल."

फरशांच्या दुकानातल्या त्या ताठ माणसाने हे सगळ्यांसमोर म्हणणं सोपं नव्हतं, आणि मला त्यांचा त्या क्षणी फार अभिमान वाटला. ताईंनी टोफूचं ताट त्यांच्याकडे सरकवलं.

"बसा, गार होतंय," त्या म्हणाल्या. "आणि रविवारी सातला या. मी थांबते, पण थांबताना बडबड करते, ती ऐकावी लागेल."